उलट्या बाणाचे टायर

समजा, गाडी तुम्ही चालवताय. पाऊस आत्ताच थांबलाय, रस्ता ओला आहे आणि वळणाच्या आतल्या बाजूला पाणी साचलंय. तुमच्या गाडीला सेमी-स्लिक टायर आहेत. म्हणजे नेहमीच्या टायरवर असते तशी खाचांची दाट नक्षी यांच्यावर नाही. मोजक्या खाचा आणि बाकी सगळं सपाट, मऊ रबर. कोरड्या रस्त्यावर हे रबर एकदा तापलं, की डांबराला असं धरून ठेवतं, की आपण जन्मतःच उत्तम ड्रायव्हर आहोत असं तुम्हाला वाटू लागतं. पण आज रबर थंड आहे. तुम्ही वळणावर येता, स्टीअरिंग फिरवता आणि ते एकदम हलकं लागतं. चाकांखालच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळालेली नाही, म्हणून चाकंच पाण्यावर चढून बसली आहेत. आता तुम्ही नुसते गाडीत बसलेले आहात. काय कराल? ब्रेक दाबाल?

हा प्रश्न टायरबाईंना विचारलात तर त्या आधी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतील आणि म्हणतील, "असले टायर घालून पावसात बाहेर पडलात कशाला, ते आधी सांगा."

टायरबाईंचं टायरचं दुकान आहे. दुकान मुळात नवऱ्याचं. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शटर खाली येणार. दिवसकार्य आटोपल्यावर बाईंनी नवऱ्याचा निळा डगला बाह्या दुमडून अंगात घातला, धाकट्या भावाला हाताशी घेतलं आणि शटर वर केलं. तेव्हापासून त्या टायर काढताहेत, घालताहेत, पंक्चर शोधताहेत आणि लोकांवर संशय घेताहेत.

संशय हा त्यांचा स्वभाव, आणि आता हत्यारही. हवा मोजायला त्यांच्याकडे दोन मीटर आहेत. एक हवा मोजायला आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला. गिऱ्हाइकानं "खिळा लागलाय" म्हटलं, तर तो खिळा काढून त्या लगेच दुसरा शोधायला लागतात. नवाकोरा टायर आला तरी कागद फाडून आधी तो कधी बनलाय ते वाचतात. भाऊ एकदा म्हणाला होता, "ताई, तू आरशात बघितलंस तरी विचारशील, ही बाई कोण आणि माझा डगला हिच्या अंगात कसा?" हसल्या त्या, पण मग आरशाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, असं भाऊच सांगतो.

या भावाला सगळा बाजार 'होयबा' म्हणतो. कुणी काहीही सांगितलं तरी त्याच्या तोंडून 'हो' निघतं. एकाच दिवशी दोन लग्नांना जेवायला येतो म्हणून सांगणारा आणि दोन्हीकडे जेवून येणारा माणूस. मनानं सरळ, हातानं चांगला. फक्त 'नाही' हा शब्द त्याला कुणी शिकवलेलाच नाही.

तर, दर आठवड्याला एका सकाळी बाई घाऊक व्यापाऱ्याकडे माल बघायला जातात आणि दुकान होयबाच्या हाती असतं. त्या दिवशी व्यापाऱ्याच्या गोदामासमोर पाणी भरल्याचं वाटेतच कळलं, म्हणून त्या तिथूनच परत फिरल्या. दुकानाशी आल्या, तर आतून बोलण्याचा आवाज येत होता. त्यांनी छत्री मिटली आणि तो आवाजही मिटला.

आत त्यांच्या लेकीची लहान लाल गाडी जॅकवर चढवलेली. तिच्या एका बाजूला होयबा आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा जावई. जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. मृदू बोलतो, प्रत्येक वाक्याला 'आई' लावतो, जेवून उठताना स्वतःचं ताट उचलतो. लग्न ठरल्यापासून बाईंना याच गोष्टीचा संशय होता. एवढा चांगला माणूस काहीतरी लपवत असल्याशिवाय राहील कसा?

"अरे वा, जावईबापू! आज वाट चुकलात वाटतं?"

"नमस्कार आई. इकडूनच चाललो होतो, म्हटलं हवा भरून घेऊ."

"हवा भरायला गाडी जॅकवर चढवतात होय? बरं झालं कळलं. इतकी वर्षं आम्ही उगाच खालीच भरत होतो."

होयबानं पायानं एक पोतं हळूच पुढे सरकवलं. पोत्याखाली काहीतरी गोल होतं.

"ताई, तू एवढ्यात कशी काय आलीस?"

"पायांनी. पोतं उचल."

"कुठलं पोतं?"

बाईंनी स्वतःच पोतं उचललं. खाली पुढचं चाक होतं. रिमची कड एका जागी आत दबलेली, तिथं सिमेंटची पांढरी भुकटी लागलेली. म्हणजे फुटपाथची कड. दाबून बसलेला मार, घासल्याचा नाही. गाडी सरळ चालत असताना असं होत नाही, ती आडवी सरकली की होतं. आणि रिमवरचा टायर पाहिल्यावर बाईंच्या कपाळावरची शीर उठली. सेमी-स्लिक.

"हे काय आहे?"

"टायर," होयबा म्हणाला.

"तू गप्प बस. जावईबापू, हे काय आहे?"

जावयानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते... एका मित्राकडून घेतले, आई. म्हणाला, पकड चांगली असते."

"आणि गाडी घसरली, तेव्हा कोण चालवत होतं?"

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. अगदी क्षणभरच. पण पंक्चर शोधताना पाण्यात सुटणारा बारीकसा बुडबुडा ज्यांच्या नजरेतून निसटत नाही, त्यांना हे दिसलं नसतं तरच नवल.

"मी," जावई म्हणाला.

"आणि माझी लेक?"

"ती शेजारी बसली होती. तिला काही झालं नाही, आई. खरंच, कुणालाच काही झालं नाही."

बाईंनी चाक दिव्याखाली ओढलं, स्टुलावर बसल्या आणि टायरवर तळहात ठेवला. टायर त्या हातानं वाचतात. एकदा तळहात पुढे फिरवायचा, एकदा मागे. सरळ घरी-कामावर जाणाऱ्या माणसाचा टायर सगळीकडे सारखा झिजतो. हवा कमी ठेवणाऱ्या आळशी माणसाचा दोन्ही कडांना. या टायरची फक्त एक कड खरखरीत होती, किसणीवर घासल्यासारखी. आणि खाचांत रबराच्या बारक्या गोळ्या अडकलेल्या, खोडरबरानं खोडल्यावर कागदावर उरतात तशा. असल्या गोळ्या भाजी आणायला जाऊन लागत नाहीत. गावाबाहेर गाड्यांच्या शर्यतींचा जो ट्रॅक आहे, जिथं सुट्टीच्या दिवशी कुणीही आपली गाडी नेऊन फेऱ्या मारू शकतं, तिथंच टायर इतका तापतो आणि असा सोलून निघतो.

म्हणजे हे असं होतं तर. ताट उचलणारे, 'आई आई' करणारे जावईबापू शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवतात. आणि तेच टायर पावसात रस्त्यावर आणून माझ्या लेकीला शेजारी बसवतात.

राग आला की बाईंचे हात जास्त हळू चालतात. त्यांनी चाक हळूच आणखी थोडं फिरवलं, आणि थांबल्या.

काही टायर एकाच दिशेनं फिरण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या बाजूवर एक बाण छापलेला असतो. बाण पुढे असेल, तर खाचा पाणी मधून बाहेर फेकतात. टायर उलटा बसवला, तर त्याच खाचा बाहेरचं पाणी मध्ये ओढून आणतात. खाचा आधीच मोजक्या, आणि त्याही उलट्या कामाला लावलेल्या! बाईंनी या चाकावरचा बाण बघितला, मग उठून गाडीवर अजून चढलेली बाकीची चाकं बघितली. सगळे बाण मागे तोंड करून होते.

"कुठल्या गाढवानं बसवलेत हे?"

होयबाला एकदम खोकला आला.

ट्रॅकवर जाणाऱ्यांची एक युक्ती असते, ती बाईंना ठाऊक होती. वळणं घेऊन घेऊन टायरची बाहेरची कड आधी संपते. मग ते टायर रिमवरून काढतात आणि पालटून बसवतात. झिजलेली कड आत जाते, ताजी बाहेर येते. पण बाणाचा टायर असा पालटला, तर चाकही गाडीच्या एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं, तरच बाण पुन्हा पुढे होतो. टायर पालटणारा हे अर्धंच करून थांबला होता. आणि टायर पालटायला मशीन लागतं. घरी बसून हे होत नाही.

बाईंनी चाक उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळ्या खडूनं लिहिलं होतं: पुढचं डावं. त्यातल्या 'ड'ला भलीमोठी शेपटी होती. अशी शेपटी जगात एकच माणूस काढतो.

"होयबा."

"ताई, ऐक तर."

"तू पालटलेस हे?"

"हो." तो शब्द त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेला होता. मग त्याला काय बोललो ते कळलं. "म्हणजे, जावईबापूंनी सांगितलं म्हणून. घरचा माणूस, नाही कसं म्हणणार?"

"तुला नाही म्हणता येत नाही हे जगाला माहीत आहे. पण पालटलेली चाकं डावीची उजवीकडे न्यायची असतात, एवढंही कळलं नाही?"

होयबाचा चेहरा खरोखर दुखावला. "तूच तर सांगितलंयस! ज्या कोपऱ्यातलं चाक, त्याच कोपऱ्यात परत. खडूनं लिहून ठेवायचं, म्हणजे चूक व्हायला नको. एकदा मी अदलाबदल केली, तर गिऱ्हाइकादेखत तू मला बोलली होतीस. तेव्हापासून मी कधी चुकलोय का सांग!"

नियम बाईंचाच होता. त्याच्या पायी त्यांनी भावाला किती वेळा झापलं असेल, त्याला गणती नाही. आणि आज त्यानं तो इमानेइतबारे पाळला होता आणि गाडी फुटपाथवर जाऊन आदळली होती. लेक त्यात होती.

"सगळे खाली घे. साधे टायर आण. आणि दुसरी रिम बघ. मी बसवते."

त्यांनी स्वतः टायर बसवले, दोन्ही मीटरनं हवा मोजली, नट आवळले, परत आवळले. सेमी-स्लिक भिंतीला लावून ठेवले. मग डगला काढून खुंटीला अडकवला.

"चला जावईबापू. मला तुमच्या घरी न्या. लेकीला बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"मी?" जावई म्हणाला. "म्हणजे, आत्ता? मामा सोडतील ना तुम्हाला."

"का? रस्ते ओले आहेत म्हणून? तुम्हाला तर सवय आहे."

गाडीत बसताना त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आता हा माणूस कसा चालवतो, ते शेजारी बसून बघायचं. जोरात चालवली, तर तिथंच गाडी थांबवायला सांगायची आणि लेकीला माहेरी घेऊन यायचं.

जावयानं सीट मागे ढकलली, आरसा फिरवला, परत फिरवला, पट्टा लावला, तो लागलाय का ते ओढून बघितलं. गाडी दुकानातून बाहेर निघायला इतका वेळ लागला, की होयबा मागून ढकलायला आला. पुढे तर आणखीच गंमत. पहिल्या डबक्यापाशी जावई जवळजवळ थांबला. सायकलवाला त्यांना ओलांडून गेला. एका साध्या वळणावर त्यानं दोन्ही हातांनी स्टीअरिंग असं आवळलं, की बोटांची पेरं पांढरी झाली. त्याच्या कपाळावर घाम होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तर तो "सॉरी, सॉरी" म्हणाला. बंद काचेच्या आत.

आधी बाईंना वाटलं, नाटक आहे. सासूसमोर सोवळेपणा. म्हणून त्या तिरक्या नजरेनं त्याचे पाय बघत राहिल्या. तोंडानं नाटक करता येतं, पायांनी अवघड असतं. त्याचा पाय ब्रेकवर येत होता, उठत होता, परत येत होता. थरथरत होता. हा माणूस वळणात गाडी कलेपर्यंत रेटणारा नाही. या माणसानं ती कड किसणीवर घासल्यासारखी केलेली नाही. टायर वाचण्यात बाईंची चूक झाली नव्हती. पण टायर फक्त कसं चालवलं ते सांगतो, कुणी चालवलं ते सांगत नाही. ते नाव बाईंनीच आपल्या मनानं घातलं होतं.

"जावईबापू, गाडी कडेला घ्या."

गाडी कडेला लागायलाही बराच वेळ गेला.

"ट्रॅकवर गेला आहात तुम्ही कधी?"

"गेलोय." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "कठड्यामागं बाकावर बसतो. डबा आणि पाण्याची बाटली माझ्याकडे असते."

"आणि गाडीत?"

"एकदा बसलो होतो शेजारी. मला उलटी झाली."

वायपर एकदा इकडून तिकडे गेला. पाऊस नव्हता, तरी त्यानं तो चालूच ठेवला होता.

"आज सकाळी तुम्ही गाडीत होता?"

"नाही, आई." त्यानं चष्मा काढला. "तिनं मला आणि मामांना शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं तर ती चारही टायर चाकूनं कापेल."

"कापलेच असते," बाई म्हणाल्या. "चला. आणि तो वायपर बंद करा, माझं डोकं फिरतंय."

लेक घरी होती. ती दातांच्या कवळ्या बनवते, आणि सुट्टी घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती, समोर चहाचा कप. आईला दारात बघून तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खांदे पाडले. मग तिनं आणखी एक कप काढला.

"कुठं लागलंय का?"

"नाही गं."

"हात दाखव. मान फिरव. इकडे. तिकडे."

तिनं सगळं करून दाखवलं. कुठंही काही नव्हतं. बाई आता कुठं खुर्चीत बसल्या.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. तू विचारलं नाहीस."

"मी विचारायला हवं होतं? 'बाळा, सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीकडे जातेस ना, की शर्यतीच्या ट्रॅकवर?' असं?"

"तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "ट्रॅकवर जा," त्या शेवटी म्हणाल्या, आणि दारात उभा असलेला जावई दचकला. "मी काही तुला बांधून ठेवणार नाही. पण रस्त्यावर साधे टायर. सेमी-स्लिक वेगळ्या रिमवर चढवून मागच्या सीटवर टाकून न्यायचे, तिथं बदलायचे, येताना परत बदलायचे. पाऊस असो नसो. नाही जमलं तर गाडी माझ्या दुकानात राहील आणि किल्ली माझ्या डगल्यात."

"चार चाकं मावत नाहीत गं आई गाडीत. याला कुठं बसवू?"

"मला घरी ठेवलं तरी चालेल," जावई मागून म्हणाला.

लेक हसली. बाईही हसल्या असत्या, पण त्यांना अजून एक सांगायचं होतं आणि ते सांगणं सोपं नव्हतं. भावाची चूक सांगायची म्हणजे त्यात आपला नियमही सांगावा लागणार.

"आणि ऐक. सगळा दोष तुझा नाही. तुझ्या मामानं टायर पालटले, पण चाकं होती त्याच जागी लावली. माझ्या नियमानं. सगळे बाण उलटे होते. पाणी बाहेर टाकायच्या जागी आत ओढत होते."

लेकीचा कप वाटेतच थांबला. सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"उलटे?" ती म्हणाली. "तरीच एवढ्या लवकर सुटली."

जावयानं दाराच्या चौकटीला धरलं. बाईंनी आपला कप बशीत ठेवला, अगदी हळू.

गाडी सुटली म्हणून घाबरलेला माणूस 'सुटली' म्हणतो. 'एवढ्या लवकर' तो म्हणत नाही. एवढ्या लवकर म्हणणाऱ्याच्या मनात आधीपासून काहीतरी अंदाज असतो: अमुक वेगापर्यंत ती धरेल आणि त्यानंतर सुटेल. सकाळचा रिकामा रस्ता. पाण्याचं वळण. थंड टायर. नवऱ्याला घरी ठेवून एकटीच बाहेर पडलेली लेक.

"एवढ्या लवकर म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं. सहज म्हणाले." लेकीनं आईचा कप उचलला. त्यात अजून अर्धा चहा होता. ती मोरीशी गेली, तो ओतून दिला आणि रिकामा कप कितीतरी वेळ नळाखाली धरून राहिली.

बाईंना तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ थकलेली होती, की घाबरलेली, की आणखी काही, ते काही केल्या त्यांना वाचता येईना.

"बाळा, माझ्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "गाडी घसरली, की घसरते कशी ते बघायलाच तू तिथं गेली होतीस?"